कोंबडीवर आलात, आणि जिवांचा हिशेब वाढला

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घरात ठरवून आम्ही लाल मांस बंद केलं आणि कोंबडीवर आलो. मोठं जनावर मारण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं होतं. मग ब्रॉयलरच्या शेडमधलं चित्रीकरण पाहण्यात आलं. ओल्या गादीत (शेडच्या जमिनीवर पसरलेल्या भुश्यात) बसलेली, उठता न येणारी पाखरं. तेव्हापासून पाकिटावर ‘मुक्त संचार’, ‘प्रतिजैविकमुक्त’, ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलंच मांस जवळपास दुप्पट पैसे मोजून आणते. नवऱ्याचं म्हणणं, हे पैसे शब्दांना जातात, कोंबडीला नाही. कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, एवढं टोचतं तर खाताच कशाला? मला खोटं समाधान नको आहे. विकणाऱ्याला नेमकं काय विचारू, मांस बघून काय ओळखू, आणि या सगळ्याला काही अर्थ आहे का?
– एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे, त्याकडे येऊच. पण आधी ज्या निर्णयाबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही तिथून सुरुवात करतो: लाल मांस सोडून कोंबडीवर येणं.

आठवड्याला एक किलो मांस धरा, म्हणजे वर्षाला ५२ किलो. साफ केलेली ब्रॉयलर कोंबडी साधारण दीड किलोची भरते. ५२ किलोसाठी ३५ कोंबड्या लागतात. मेंढीचं धड १५ किलोचं धरलं तर वर्षाला साडेतीन मेंढ्या. मोठ्या गुराचं धड अडीचशे किलोचं धरलं तर तेच एक जनावर जवळजवळ पाच वर्षं पुरतं. आता जीव मोजण्याऐवजी दिवस मोजा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापतात. ४२ दिवस आणि दीड किलो, म्हणजे एका किलोमागे एका पाखराचे २८ दिवस. वीस महिन्यांच्या गुराचे किलोमागे अडीच दिवससुद्धा होत नाहीत. जगात दरवर्षी ७० अब्जांहून जास्त कोंबड्या कापल्या जातात, आणि त्यात अशा घरांचाही वाटा आहे ज्यांनी मन हलकं करायला मोठं जनावर सोडलं.

म्हणून पुन्हा लाल मांसाकडे वळा, असं आम्ही सांगत नाही. हवामानाचा हिशेब नेमका उलटा लागतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून मिथेन निघतो आणि किलोमागचा त्याचा भार कोंबडीच्या कितीतरी पट असतो. एका तराजूत कोंबडी जड, दुसऱ्यात गूर. दोन्ही तराजूंना चालणारा उपाय एकच आहे, किलो कमी करणं. तुमच्या घरी आठवड्याचा एक किलो पाऊण किलोवर आला तर वर्षाला आठ-नऊ कोंबड्या वाचतात, आणि वाचलेल्या पैशांत उरलेलं मांस बऱ्या ठिकाणचं घेता येतं. दुप्पट भाव देऊन तितकंच आणणं फार दिवस टिकत नाही. महिना अखेरीला माणूस गुपचूप स्वस्त पाकिटाकडे वळतो.

आता पाकिटावरच्या शब्दांकडे. ‘नैसर्गिक’ या शब्दातून पाखराला मिळालेली जागा, उजेड, वय, मरण, काहीच कळत नाही. त्यासाठी जादा पैसा देऊ नका. ‘हार्मोनमुक्त’ लिहिलेलं दिसलं तरी तेच, कारण ब्रॉयलरची वाढ हार्मोनमधून येत नाही, पैदाशीतून येते. ‘प्रतिजैविकमुक्त’ला अर्थ आहे, पण तो दुधारी आहे. चांगल्या शेडमध्ये तो गादी कोरडी, दाटी कमी आणि मरतूक कमी ठेवल्याचा पुरावा ठरतो. वाईट शेडमध्ये आजारी कळपाला औषध लांबणीवर पडतं, कारण औषध दिलं की शिक्का जातो. तेव्हा या शिक्क्याबरोबर एक प्रश्न जोडूनच विचारायचा: कळप आजारी पडला तर काय करता? ‘उपचार करतो आणि ती कोंबडी वेगळी, साध्या भावाने विकतो’ हे बरं उत्तर. ‘आमच्याकडे आजार येतच नाही’ म्हणणाऱ्याला पुढचं काही विचारण्यात अर्थ नाही.

‘मुक्त संचार’ हा यातला सगळ्यात फसवा शब्द, कारण तो अर्धा खरा असतो. युरोपीय संघात मांसाच्या कोंबडीला हा शब्द लावायचा तर वय किमान ५६ दिवस आणि बाहेर प्रत्येक पाखरामागे १ चौरस मीटर जागा लागते. जिथे असा आकडा ठरलेला नाही तिथे शेडच्या भिंतीला एक दार असलं तरी शब्द छापता येतो. आणि दार उघडं असून पाखरं बाहेर पडतीलच असं नाही. कोंबडी मुळात झाडाखालचा पक्षी आहे. उघड्या माळावर डोक्यावरून घार जाईल या धास्तीने ती भिंतीला चिकटून राहते. झाडं, झुडपं, निदान कुंपणाच्या बाजूने आडोसा असेल तरच ती लांब जाते. म्हणून जागा दाखवायला नेलं तर शेडपासून पन्नास पावलांवरचं गवत बघा. तिथे उकरल्याच्या खुणा, विष्ठा, मातीत लोळून केलेले खळगे असतील तर संचार खरा. दाराशीच माती उघडी पडलेली आणि पलीकडे गवत अस्पर्श हिरवंगार असेल, तर तुमचे यजमान जिंकले.

पण बाहेर जाण्यापेक्षाही मोठा प्रश्न जातीचा आहे, आणि तो पाकिटावर जवळपास कधीच नसतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जुन्या-नव्या जाती एकाच खाद्यावर शेजारी वाढवून पाहिल्या. ५६ व्या दिवशी १९५७ च्या काळातली कोंबडी ९०५ ग्रॅम भरली, २००५ ची ४,२०२ ग्रॅम. चौपटीहून जास्त. हाडं, सांधे आणि हृदय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. पाय वाकतात, पोटात पाणी होतं, काही पाखरं एकाएकी उलटी पडून मरतात. शेवटच्या आठवड्यात बहुतेक वेळ बसून जातो आणि बसलेली जागा ओली असेल तर कातडी भाजते. अशी जात कुरणात नेऊन सोडली तरी ती खाद्याच्या भांड्यापाशीच बसणार. मोकळं रान आणि न चालणारे पाय, असला सौदा होतो.

याच जातीचं आणखी एक दुखणं आहे जे कुठल्या चित्रीकरणात दिसत नाही. या पिल्लांचे आईबाप, म्हणजे पैदाशीचा कळप, वर्षभर जगवावा लागतो. त्यांना पोटभर खायला दिलं तर तीच भरमसाट वजनवाढ त्यांना मारते, अंडीही मिळत नाहीत. म्हणून त्यांचं खाद्य मोजून-मापून, त्यांच्या भुकेपेक्षा कितीतरी कमी ठेवतात. वाढीच्या काळात हा कळप कायम भुकेला असतो. सावकाश वाढणारी जात घेतली की हे दुखणंही हलकं होतं.

तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न: ही कोंबडी कापली तेव्हा किती दिवसांची होती? जातीचं नाव त्याला माहीत नसेल, दिवस बहुधा माहीत असतात. ३५ ते ४२ म्हणजे वेगवान जात, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ५६ च्या पुढे गेलं की बरी शक्यता. फ्रान्समधल्या ‘लेबेल रूज’ शिक्क्याला किमान ८१ दिवस आणि शेडमध्ये चौरस मीटरला जास्तीत जास्त ११ पाखरं ही अट आहे. आमच्या मते कोणताही शिक्का असाच वाचायचा, त्यात दिवस आणि दाटी यांचा आकडा आहे का ते बघायचं. आकडा नसेल तर ती जाहिरात.

दाटीचा आकडा चौरस मीटरमागे किलोत सांगतात आणि तिथेच ग्राहकाचा गोंधळ होतो. युरोपीय संघाची मूळ मर्यादा ३३ किलो आहे. काही अटी पाळल्या तर ३९, आणखी पाळल्या तर ४२. सव्वादोन किलोची जिवंत पाखरं धरली तर ३३ किलोला साधारण १५ पाखरं बसतात, म्हणजे एकीला ए-४ कागदापेक्षा जेमतेम जास्त जागा. ३९ किलोला ती कागदाहून लहान होते. बऱ्याच मोठ्या खरेदीदारांनी मान्य केलेल्या ‘बेटर चिकन कमिटमेंट’मध्ये मर्यादा ३० किलोची आहे, आणि सोबत सावकाश वाढणारी जात व बसायला दांडेही मागितले आहेत. एक कागद टेबलावर ठेवून बघा. आकडा डोक्यात बसतो.

शेड बघायची संधी मिळाली तर दारातला पहिला श्वास महत्त्वाचा. नाक दोन-चार मिनिटांत अमोनियाला सरावतं, मग मालक आणि तुम्ही दोघंही ‘वास नाही’ म्हणायला मोकळे. डोळे चुरचुरले तर हवा वाईट. मग खाली बसा, पाखराच्या डोक्याच्या उंचीवर, कारण वायू गादीतून येतो आणि उभ्या माणसाला कमी लागतो. गादीची मूठ भरून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा किंचित धरून लगेच विस्कटला तर ओल योग्य. गोळा तसाच राहिला तर ओली गादी, म्हणजे तळपायाला फोड. अजिबात धरलाच नाही तर फार कोरडी, म्हणजे धूळ आणि छातीचे आजार. ओल बहुधा पाण्याच्या नळीखाली सुरू होते. निपल, म्हणजे पाखरं पाणी पितात त्या तोट्या, गळतात, नाहीतर त्यांची उंची पाखराच्या वाढीबरोबर वर घेतलेली नसते. त्यामुळे मूठ नळीखालूनच भरा. मालक दाखवेल त्या कोपऱ्यातून भरू नका. शेवटी कळपातून हळू चालत जा. निरोगी पाखरं उठून बाजूला होतात. तुमचं पाऊल जवळ आलं तरी बसून राहणारी किंवा पंखांवर रेटत सरकणारी किती, ते मोजा. आणि रात्री अंधार किती तास असतो ते विचारा. सलग चार तास आणि एकूण सहा तास ही युरोपातली किमान अट आहे. खाद्य जास्त जावं म्हणून दिवे चालू ठेवणाऱ्या शेडमध्ये पाखरं झोपतच नाहीत.

सगळ्यांना शेडपर्यंत जाता येत नाही. मांसाच्या दुकानातही बरंच वाचता येतं, फक्त कातडीसकट पाखरू मागा. तंगडीचं टोक, जिथे ती पायाला जुळते तो सांधा, त्याच्या मागच्या बाजूला तपकिरी-काळा चट्टा दिसतो का बघा. तो घाणीचा डाग नसतो आणि धुऊन जात नाही. ओल्या गादीतल्या अमोनियाने भाजलेली ती कातडी आहे. पंखांची टोकं लालभडक किंवा हाड मोडलेलं असेल तर पकडताना नाहीतर टांगताना हाल झालेत. एकेका पायाला धरून तीन-चार पाखरं एका हातात उलटी उचलायची रीत त्याला जबाबदार. दोन हातांत सरळ धरून पेटीत ठेवायला वेळ लागतो, एवढंच. लाल-जांभळा डाग शेवटच्या काही तासांतला, हिरवट-पिवळट झाक असलेला दिवस-दीड दिवस जुना, म्हणजे शेडमधला. छातीच्या मांसात दोऱ्यासारख्या समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या तर ते वेगाने वाढलेल्या मोठ्या छातीचं लक्षण.

मोठ्या जनावराच्या मांसातही शेवटचा दिवस उमटतो. भ्यालेलं, उपाशी, दूरवरून आलेलं जनावर मरण्याआधीच स्नायूतली साखर संपवून बसतं. मग मांसात आम्ल तयार होत नाही, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास उतरायच्या ऐवजी ६ च्या वर राहतो, आणि मांस गडद, चिवट-चिकट, कोरडं दिसतं. ते लवकर खराबही होतं. डुकराचं उलटं होतं. ऐन वेळी घाबरलं तर मांस फिकट, मऊ आणि पाणी सोडणारं. विकणाऱ्याला नीतीशी देणंघेणं नसेल तरी हे त्याला कळतं, कारण त्याचं नुकसान होतं. बोलणं तिथून काढा.

मग मरणाचा प्रश्न. तो विचारायला लोक कचरतात. जनावर किती तास प्रवासात होतं आणि कापण्याआधी बेशुद्ध केलं का, एवढं विचारा. मेंढी-बोकडाला डोक्यातून विजेचा धक्का देतात, किमान १ अँपिअरचा, आणि त्यानंतर १५ सेकंदांच्या आत गळा कापायचा असतो, नाहीतर शुद्ध परत येऊ लागते. बेशुद्धीची खूण म्हणजे लयीत श्वास नाही आणि डोळ्याला स्पर्श केला तर पापणी मिटत नाही. पाय झाडणं ही शुद्धीची खूण नव्हे, त्याला बघून घाबरू नका. धक्का न देता कापत असतील तर सुरीची धार, नीट पकड आणि एका ओढीत दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या कापणं यावर सारं आहे. तरीही मेंढी काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि गुराला बराच जास्त वेळ लागू शकतो, कारण त्याच्या मेंदूला मानेच्या मणक्यातूनही रक्त पोचतं.

कोंबड्यांच्या मोठ्या कत्तलखान्यात वेगळीच अडचण असते. शुद्धीत असताना पाय वर करून साखळीला टांगतात आणि डोकं विजेच्या पाण्यातून नेतात. दुखऱ्या पायांवर टांगणं हाच एक छळ, त्यात एखादं लहान पाखरू मान वर उचलतं आणि पाण्याला न लागताच सुरीपाशी पोचतं. पेटीतच वायूने बेशुद्ध करण्याची पद्धत यापेक्षा बरी, कारण टांगणं टळतं. डुकरांसाठी मात्र दाट कार्बन डायऑक्साइड वाईट. तो नाकात झोंबतो आणि शुद्ध जाईपर्यंत ती धडपडतात.

कत्तलखाना चांगला आहे हे कोणाच्या चेहऱ्यावरून ठरवायचं नसतं. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात त्यासाठी सरळ मोजणी घालून दिली. शंभर गुरांत पहिल्याच फटक्यात बेशुद्ध झालेली निदान ९५ हवीत, हंबरणारी तीनपेक्षा जास्त नकोत, पडणारं एकापेक्षा जास्त नको. तुमचा विक्रेता एखाद्या कत्तलखान्याचं नाव सांगत असेल तर तिथे अशी मोजणी होते का, हा प्रश्न तुम्ही त्याच्यामार्फत पाठवू शकता. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो स्वतःच फोन लावतो.

कोंबडी कमी करून अंडी वाढवायचा विचार तुमच्या घरात आता निघेल, म्हणून लगेच सांगून ठेवतो. वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडी आणि ६० ग्रॅमचं अंडं धरलं तर एक किलो अंड्यांमागे एका कोंबडीचे वीस दिवस लागतात. ब्रॉयलरच्या २८ पेक्षा फार कमी नाहीत. ते वीस दिवस कुठे गेले हेच महत्त्वाचं. साध्या पिंजऱ्यात कोंबडीला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही आणि अंडं घालायला आडोसा मिळत नाही. जनावराला निदान वळता, उठता, आडवं होता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यावेत, हे ब्रिटनमधल्या ब्रँबेल समितीने १९६५ साली लिहून ठेवलं. युरोपीय संघात तसले पिंजरे बंद व्हायला २०१२ उजाडलं. तिथे अंड्यावरच आकडा छापतात: ० सेंद्रिय, १ मुक्त संचार, २ जमिनीवरची शेड, ३ पिंजरा. असा आकडा नसेल तर विकणाऱ्याला ‘पिंजऱ्यातली की गादीवरची’ एवढंच विचारा. अंड्याच्या जातीची नर पिल्लं मात्र कुठल्याही पद्धतीत नकोशीच असतात आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने हे २०२२ पासून बंद केलं, आता तिथे अंड्यातच नर-मादी ओळखतात. दुधाचा हिशेब सगळ्यात हलका. रोज वीस लिटर देणाऱ्या गाईचा लिटरमागे सव्वा तास होतो. वासराचं काय होतं हा प्रश्न त्यातही उरतोच.

यावरून मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ती म्हणते त्यात तर्काची चूक काढता येत नाही. मांस न खाता नीट जगता येत असेल तर मारण्याची गरज सिद्ध करणं तुमच्याकडे येतं, आणि ‘चांगलं जगवून मारलं’ हे त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही. ते आम्हीही देणार नाही. पण छळ आणि मरण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सापडेपर्यंत पहिला लांबणीवर टाकायचं कारण नाही. तिला स्वयंपाकघरात ओढा. आठवड्यातले कोणते चार दिवस बिनमांसाचे आणि त्या दिवशी काय, हे तिने ठरवावं. वाद घालण्यापेक्षा तिला ते जास्त आवडेल, असा आपला अंदाज.

सावकाश वाढलेली कोंबडी मिळाली तर ती अख्खीच घ्या. सगळ्यांना फक्त छातीचं मांस हवं असतं म्हणूनच छाती फुगवलेल्या जाती निघाल्या. असं पाखरू वयाने मोठं असतं, त्याचं मांस घट्ट आणि हाड मजबूत असतं. नेहमीच्या वेळात ते शिजणार नाही. मोठ्या आचेवर घाई केली तर दोरखंडासारखं होतं आणि घरात सगळे म्हणतात, महाग आणि वाईट. झाकण ठेवून मंद आचेवर दीडपट ते दुप्पट वेळ द्या. मान, पाठ आणि हाडं वेगळी काढून दोन-तीन तास उकळली तर त्या पाण्यावर आणखी एक जेवण निघतं.

आणि यजमानांना पुढच्या खेपेला बरोबर न्या. तुम्ही दिवस विचारा, तोपर्यंत त्यांनी तंगडीचा सांधा उलटून बघावा.